पाऊस झाला, तरी विहीर फेब्रुवारीत का आटते?

भूजल टंचाईचा विषय निघाला की पहिले बोट पावसाकडे जाते. दुष्काळी वर्षात ते खरेही असते. परंतु सरासरीइतका पाऊस झालेल्या वर्षीही अनेक गावांत फेब्रुवारी-मार्चमध्ये विहिरी तळाला जातात. त्याचे कारण आपल्या जमिनीखालच्या खडकात आणि उपशाच्या हिशोबात आहे.

आपला खडक पाणी किती धरतो?

महाराष्ट्राच्या सुमारे 82 टक्के क्षेत्राखाली काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट आहे. गंगेच्या मैदानात वाळू आणि गाळाचे जाड थर पाणी धरून ठेवतात. आपल्याकडच्या अखंड कातळात पाणी जवळजवळ मावतच नाही. ते साठते झिजलेल्या मुरमात, कातळाच्या भेगांत आणि सच्छिद्र मांजऱ्या खडकात. हा पाणी धरणारा वरचा थर बऱ्याच ठिकाणी 10 ते 15 मीटरपर्यंतच असतो, माळरानावर त्याहूनही कमी. जुन्या विहिरी साधारण तेवढ्याच खोल असण्याचे कारण हेच.

या थरातूनही उपसून मिळणारे पाणी त्याच्या आकारमानाच्या जेमतेम 1 ते 3 टक्के असते. शिवाय ते स्थिर राहत नाही. पावसाळा संपला की उताराच्या दिशेने नाल्या-ओढ्यांकडे पाझरत राहते. डोंगराकडच्या विहिरी आधी आटतात आणि नाल्याकाठच्या उशिरा, ते यामुळेच.

एका एकराचा हिशोब

समजा आपल्या भागात 600 मि.मी. पाऊस पडतो. बेसाल्ट भागात त्यातला साधारण 7 ते 13 टक्केच भूजलात उतरतो. मधला 10 टक्के धरला, तर एका एकराखाली 60 मि.मी., म्हणजे सुमारे 2 लाख 40 हजार लिटर पाणी जमा होते.

आता उपसा पाहा. सरीतून किंवा वाफ्यातून दिलेली 6 सें.मी.ची एक पाळी एकराला तेवढेच, 2 लाख 40 हजार लिटर पाणी घेते. म्हणजे वर्षभराच्या पावसाने एका एकराखाली जे साठवले, ते पिकाच्या एकाच पाळीत संपले. हरभरा दोन-तीन पाळ्यांत निघतो, गव्हाला पाच-सहा लागतात, रब्बी कांद्याला दहाच्या पुढे. उसाचा हिशोब तर या मापात बसतच नाही. दिलेल्या पाण्याचा काही भाग परत मुरतो हे खरे, पण तेवढ्याने मेळ लागत नाही.

मग आजवर बागायत कशी झाली? शिवारातल्या जिरायती आणि पडीक जमिनीखाली मुरलेले पाणी मोजक्या विहिरींकडे येत होते. दहा एकरांचे पाणी एका एकराला पुरत होते. आता प्रत्येक गटात विहीर किंवा बोअर आहे आणि प्रत्येकाला तेच पाणी हवे आहे. आमच्या मते टंचाईचे मूळ इथेच आहे. बाकीची कारणे त्यात भर घालतात.

बोअरने नवे पाणी मिळते का?

क्वचित. खोलवर भेग लागली तर सुरुवातीला पाणी जोरात येते. परंतु त्या भेगेत पाणी उतरायला बराच काळ लागतो आणि आपण ते काही हंगामांत उपसून टाकतो. अनेकदा बोअरला लागलेले पाणी वरच्याच थरातले असते. केसिंग पाइप कमी टाकला असेल, तर विहिरीचे झरे बोअरच्या छिद्रातून खाली उतरतात. शेजारच्या बोअरनंतर विहीर कोरडी पडल्याची तक्रार म्हणूनच नेहमी खोटी नसते. राज्याच्या 2009 च्या भूजल अधिनियमाने शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन घातले आहे, तरी 500-600 फूट बोअर सर्रास घेतले जातात.

भर घालणारी कारणे

पाऊस कसा पडतो यालाही महत्त्व आहे. भारी काळी जमीन आधी स्वतः ओली होते, तिची तहान भागल्यावरच पाणी खाली उतरते. त्यामुळे खरे पुनर्भरण बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होते. मध्येच तीन आठवड्यांचा खंड पडला, की सुकलेली जमीन पुन्हा पहिल्यापासून पाणी पिते. चार दिवसांत कोसळलेला पाऊस तर वाहूनच जातो.

प्लॅस्टिक अस्तरीकरणाच्या शेततळ्याबद्दल स्पष्ट बोलायला हवे. ते पावसाच्या वाहत्या पाण्याने भरले तर उत्तम. ते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये विहिरीचे पाणी उपसून भरले, तर जमिनीखाली सुरक्षित असलेले पाणी आपण उन्हात आणून ठेवतो. डिसेंबर ते मे या काळात त्यातील एक मीटर किंवा अधिक थर बाष्पीभवनाने उडतो. फळबाग जगवण्याची निकड आम्ही जाणतो; तरीही अशा तळ्यावर निदान आच्छादन किंवा शेडनेट टाकावे.

ठिबकने पाळीतले पाणी वाचते. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर बाग वाढवली, तर विहिरीच्या दृष्टीने काहीच बदलत नाही.

आपल्या विहिरीत काय पाहाल?

ऑक्टोबरअखेर, पंप 12 तास बंद ठेवून, दोरीला वजन बांधून काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजा. जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत पुन्हा मोजून तारखेसह लिहून ठेवा. दरवर्षी ऑक्टोबरची पातळी जवळपास तीच असेल आणि मार्चची खाली जात असेल, तर पुनर्भरण ठीक आहे, उपसा वाढला आहे. तिथे पिकांचे क्षेत्र बदलावे लागेल. पावसाचे मान सारखे असूनही ऑक्टोबरचीच पातळी घसरत असेल, तर विहीर पावसाळ्यात भरतच नाही. तिथे बांधबंदिस्ती, नाला उपचार आणि विहीर पुनर्भरण आधी हाती घ्यावे. पुनर्भरणासाठी शेतातले पाणी थेट विहिरीत सोडू नये. गाळ आणि खतांचे अंश झरे बुजवतात व पाणी बिघडवतात. दगड, खडी आणि वाळूच्या गाळण खड्ड्यातूनच ते न्यावे.

कृषी सहायकांनी गावातील डोंगराकडच्या, मधल्या आणि नाल्याकाठच्या अशा किमान तीन विहिरींच्या नोंदी ठेवून त्या रब्बी पेरणीपूर्वीच्या ग्रामसभेत मांडाव्यात. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गाव असाच पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवते. तिथे सिंचनासाठी बोअर घ्यायचे नाहीत, हा गावाचाच निर्णय आहे.