धारा, दाब आणि गारगोटी

फर्दापूरच्या टी-पॉइंटवर, जिथून अजिंठ्याच्या लेण्यांकडे जायच्या बस सुटतात, तिथे विक्रेते गारगोट्या पुढे करतात. बेसाल्टच्या पोकळ्यांत वाढलेले ते स्फटिक. सौरघटातल्या सिलिकॉनचं नाव याच दगडाच्या कुळातलं. लॅटिन ‘सिलेक्स’ म्हणजे गारगोटी, चकमकीचा दगड. हम्फ्री डेव्हीने १८०८ मध्ये ‘सिलिसियम’ सुचवलं, थॉमस थॉमसनने १८१७ मध्ये त्याचं ‘सिलिकॉन’ केलं. आपली ‘चकमक’ मात्र तुर्की, फारसीच्या वाटेने आली.

शिवारात याच सौरघटांवर चालणाऱ्या सौरपंपाची मोटार अडली की ‘करंट येत नाही’ म्हणतात. ‘करंट’चं मूळ लॅटिन धातूत, अर्थ धावणं. आपल्या बोलण्यात मात्र झटका, पुरवठा, व्होल्टेज असं सगळंच त्यात शिरलं. ‘व्होल्ट’ तर अलेस्सांद्रो व्होल्टाच्या नावावरून आलेला. त्यातून अर्थाचा पत्ता लागत नाही. करंटसाठीचं, म्हणजे धारेसाठीचं, ‘आय’ हे चिन्हही फ्रेंच ‘आंतांसिते’, म्हणजे तीव्रता, याचं आद्याक्षर. व्होल्टेजसाठीचं ‘विभवांतर’ पाठ्यपुस्तकातच राहिलं. मला ‘दाब’ आवडतो. ‘उच्चदाब वाहिनी’ म्हटलं की कुणालाही कळतं.

धारा आणि दाब वेगळे धरले की सौरघटाचा आलेख वाचता येतो. आडव्या अक्षावर दाब, उभ्यावर धारा. दोन्ही टोकं थेट जोडली तर धारा पूर्ण, दाब शून्य. तिथून रेषा बराच वेळ जवळजवळ सपाट जाते, मग गुडघ्यात वाकून खाली कोसळते. टोकं मोकळी सोडली की दाब पूर्ण, धारा शून्य. शक्ती म्हणजे दोघांचा गुणाकार, म्हणून दोन्ही टोकांना ती शून्य आणि गुडघ्यापाशी सर्वांत जास्त. पंपाचा कंट्रोलर दिवसभर तो गुडघाच शोधत असतो.

श्रावणातल्या ढगाळ सकाळी साठ घटांच्या पॅनलची वायर सोडवून मल्टिमीटर लावा. एका घटाचा मोकळा दाब साधारण ०.६ व्होल्ट, म्हणून आकडा पस्तिसाच्या आसपास, जवळपास भर उन्हातला. मोटार जोडली की तो ढासळतो. धारा उजेडाच्या प्रमाणात घटते, मोकळा दाब मात्र उजेड कमी झाला तरी फारसा हलत नाही. मीटर खोटं बोललेला नसतो, त्याला फक्त दाबच विचारलेला असतो.

मे महिन्यात उलटं. घट तापला की प्रत्येक अंशामागे दाब सुमारे दोन मिलिव्होल्टने उतरतो. पॅनल २५ वरून ६५ अंशांवर गेलं तर साठ घटांत मिळून जवळजवळ पाच व्होल्ट गेले. लख्ख उन्हामुळे धारा भरपूर, तरी गुणाकार अपेक्षेपेक्षा कमी.

या दोन्ही तक्रारींना ‘करंट नाही’ हे एकच नाव पुरत नाही. धारा आटली असेल तर काचेवरची धूळ पुसायची, बाभळीची सावली कुठवर येते ते पाहायचं. दाब उतरला असेल तर पॅनलखालून वारा खेळतो का ते तपासायचं.