कोळंबी पाळणारे लोक

जवळा, करंदी, कोळंबी, सोडे... आणि बाजारात हिंदीत बोलायची वेळ आली की झिंगा. आपल्याकडे या प्राण्याला लहान-मोठा, ओला-सुका अशी किती नावं आहेत बघा! सगळी स्वयंपाकघरातली. पाळलेल्या कोळंबीसाठी मात्र वेगळा शब्द नाही. असणार तरी कुठून? कोळंबी पाळतात हे आमच्या पिढीच्या कानावरूनही गेलं नव्हतं. आणि आज साकीनाक्याच्या आमच्या घरात, टीव्हीशेजारी, खाऱ्या पाण्याच्या टाकीत दोन कोळंब्या राहतात. पिवळसर अंग, पाठीवर लालभडक पट्टा, त्याच्या मधोमध पांढरी रेघ आणि अंगाहून लांब पांढऱ्या मिशा. टाकी नातवाची, वीजबिल त्याच्या वडिलांचं आणि दुपारी समोर बसून बघण्याचं काम माझं. पुण्याच्या नणंदबाईंनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "मग वहिनी, कालवण कधी?"

जन्मभर इतिहास-भूगोल शिकवल्यामुळे कुठलीही नवी गोष्ट दिसली की 'हे सुरू कुणी केलं?' हा प्रश्न मला गप्प बसू देत नाही. नातवाने काही इंग्रजी मजकूर मोठ्या अक्षरात छापून दिला. तो शब्दकोश शेजारी ठेवून वाचला, त्यातून जे हाती लागलं ते आज सांगते.

गोष्ट सुरू होते 1846 साली, एका बाईपासून. अ‍ॅना थिन हे तिचं नाव, नवरा लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत धर्माधिकारी. इंग्लंडच्या दक्षिणेला टॉर्की गावी गेली असताना तिला किनाऱ्यावर प्रवाळ सापडलं आणि तिने ते दगडी बरणीत घालून लंडनला आणलं. आणलं खरं, पण जगवायचं कसं? लंडनमध्ये समुद्राचं ताजं पाणी कुठलं रोज मिळायला! तर या बाईंनी उपाय काढला. मोलकरणीने उघड्या खिडकीपाशी उभं राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायचं, रोज अर्धा-पाऊण तास. आपण चहा गार करतो तसं. हवा मिसळून पाणी ताजं राहायचं. पुढे तिने पाण्यात समुद्री शेवाळही ठेवलं. ती प्रवाळं जवळजवळ तीन वर्षं जगली. आज आमच्या टाकीत दोन पंप जे काम करतात, ते तेव्हा एक मोलकरीण हाताने करत होती. मी जे वाचलं त्यात तिचं नाव कुठेही नव्हतं.

पुढे फिलिप हेन्री गॉस नावाचा निसर्ग अभ्यासक आला. 1853 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांसाठी काचेच्या टाक्यांचं दालन उघडलं, त्यात त्याचा मोठा हात होता. 1854 च्या त्याच्या पुस्तकामुळे 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द घरोघर गेला. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी त्याने घरी समुद्राचं पाणी बनवायची कृतीही दिली. साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड, असे चार क्षार मोजून गोड्या पाण्यात घालायचे. आणि मग जे व्हायचं तेच झालं. मंडळी टोपल्या घेऊन किनाऱ्यावर तुटून पडली. खडकांमधली डबकी लोकांनी इतकी ओरबाडली की गॉसला स्वतःलाच त्याचं दुःख झालं. त्याच्या मुलाने, एडमंडने, 1907 च्या 'फादर अँड सन' या पुस्तकात हे लिहून ठेवलं आहे. ज्याने लोकांना समुद्र बघायला शिकवलं, त्याच्याच वाचकांनी तो रिकामा केला. ही गोष्ट जरा लक्षात ठेवा.

मिठावरून आठवलं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. म्हणजे शंभर लिटरच्या टाकीला साडेतीन किलो! आमच्या घरी जेवणासाठी महिन्याला किलोभरही संपत नाही. शिवाय हे वाण्याकडचं मीठ चालत नाही. त्यात जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच. कोळंबीला कवचासाठी कॅल्शियम हवं, मॅग्नेशियम हवं. म्हणून नातू परदेशी मिठाची बादली मागवतो. ज्या मुंबईत 1930 साली वडाळ्याच्या मिठागरांवर लोकांनी मिठासाठी लाठ्या खाल्ल्या, ज्या मुंबईत भांडुप-मुलुंडची मिठागरं आपण लोकलमधून वर्षानुवर्षं पाहिली, तिथे मीठ परदेशाहून! मी हे एकदा बोलून दाखवलं. "आजी, रसायनशास्त्र वेगळं आणि स्वातंत्र्यलढा वेगळा," असं उत्तर मिळालं. असो.

आपल्या मुंबईत सामान्य माणसाला काचेमागचा समुद्र दिसला तो 1951 साली. चर्नी रोडजवळ मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालयाचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झालं. बांधकामाला आठ लाख रुपये लागले, त्यातले दोन लाख तारापोरवालांच्या देणगीचे. मी मुलांच्या सहली तिथे कितीदा नेल्या त्याला गणती नाही. मुलांचे प्रश्न ठरलेले, "बाई, यातला पापलेट कुठला?" 2015 साली मत्स्यालय नवं करून काचेच्या बोगद्यासकट पुन्हा उघडलं, पण पुढे काही वर्षांतच इमारत धोकादायक ठरली आणि ते बंद झालं. वाईट वाटलं.

या सगळ्या काळात घरच्या टाकीत मात्र कोळंबी टिकणं अवघडच होतं. टाक्यांना धातूच्या चौकटी असत, त्या खाऱ्या पाण्यात गंजत. मासे आजारी पडले की पाण्यात तांब्याचं औषध घालत, आणि तांबं म्हणजे कोळंबीला विषच. त्यात लोकांची समजूत अशी की टाकी जितकी घासून-पुसून स्वच्छ, तितके जीव सुखी.

ही समजूत बदलली ती एका जकार्ताच्या माणसामुळे. ली चिन एंग हे त्याचं नाव. त्याने उलटा विचार केला. समुद्रातले खडक, त्यांच्यावरच्या जिवाणूंसकट, किडामुंगीसकट, जसेच्या तसे टाकीत ठेवले, वरून ऊन आणि खालून थोडे हवेचे बुडबुडे, बस्स. पाणी खडकांवरचे जीवच साफ ठेवत. 1961 साली त्याने ही पद्धत एका अमेरिकन मासिकात लिहिली. पुढे जर्मनीत आणि 1980 च्या दशकात अमेरिकेत तिच्यात सुधारणा होत गेल्या आणि आजची 'रीफ टाकी' जन्माला आली. आमच्या टाकीतही पहिले सहा आठवडे नुसतं पाणी आणि दगड होते. जिवाणू वाढायची वाट बघत नातू रोज पाणी तपासायचा. सूनबाई म्हणायच्या, "एवढे पैसे घालून हा पाणी पाळतोय!"

गंमत म्हणजे त्याच 1961 साली आणखी एक लेख आला. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेचा कॉनराड लिंबॉ हा पाणबुड्या संशोधक. समुद्रात काही लहान मासे आणि कोळंब्या मोठ्या माशांची साफसफाई करतात, हे त्याने पाण्याखाली स्वतः जाऊन पाहिलं होतं. मोठा मासा येऊन निमूट थांबतो, कोळंबी त्याच्या अंगावर चढते, कल्ल्यांत आणि तोंडात शिरून परजीवी आणि मेलेली कातडी खाते, आणि मासा तिला गिळत नाही. लेख छापून आला तेव्हा लिंबॉ हयात नव्हता. 1960 साली फ्रान्समधल्या एका पाण्याखालच्या गुहेत त्याचा मृत्यू झाला होता.

आमच्याकडच्या कोळंब्या याच धंद्यातल्या. नातवाने पाण्यात हात घातला की धावत येऊन त्याच्या नखांच्या कडा साफ करू लागतात. पहिल्यांदा एकीने कात टाकली तेव्हा सकाळी तळाशी अख्खी कोळंबी पडलेली दिसली, मिशांसकट. मी मनात हळहळले. तेवढ्यात दगडामागून खरी बाईसाहेब बाहेर आल्या. बाईसाहेब म्हणावं की साहेब हाही प्रश्नच आहे. यांच्यात प्रत्येक जण आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर नर-मादी दोन्ही. हे वर्गात शिकवायची पाळी माझ्यावर आली नाही हे बरंच झालं.

आता मुद्द्याचं. आमच्या दोघीही पोटाखाली हिरवट अंडी बाळगतात. दोनेक आठवड्यांनी रात्री शेकडो पिल्लं बाहेर पडतात, डोळ्याला जेमतेम दिसतील एवढी. सकाळपर्यंत एकही उरत नाही. माशांनी खाल्ली किंवा पंपात गेली. ती वेगळी काढून वाढवायची म्हटलं तर या जातींच्या पिल्लांना कित्येक आठवडे, काहींना महिनोन् महिने पाण्यात तरंगत काढावे लागतात. त्यांना रोज जिवंत खाद्य हवं. म्हणून जगभर दुकानात येणाऱ्या या कोळंब्या बहुतेक समुद्रातूनच पकडलेल्या असतात. आमच्या दोघी कुठून आल्या हे दुकानदाराला सांगता आलं नाही. फिलिपाइन्समध्ये तर 1960 च्या दशकापासून शोभेचे मासे पकडायला पाण्यात सायनाइड सोडत आले. मासा गुंगतो, पण बाजूचं प्रवाळ मरतं. गॉसच्या किनाऱ्याचीच गोष्ट, फक्त जास्त खोल पाण्यातली.

म्हणून लक्षद्वीपच्या अगाट्टी बेटावरची हकीकत वाचून मला मनापासून आनंद झाला. राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या शास्त्रज्ञांनी तिथे शोभेच्या कोळंबीच्या दोन जातींची पैदास केली आणि पिल्लं वाढवायचं काम बेटावरच्या बायकांना शिकवलं. एक जात थोर हैनानेन्सिस, इवलीशी, शेपूट वर करून डुलणारी. दुसरी अँकायलोकॅरिस ब्रेव्हिकार्पालिस, काचेसारखी पारदर्शक, अंगावर पांढरे ठिपके. विदूषक माशाची, म्हणजे क्लाउनफिशची पैदास तर आपल्या ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही झाली आहे. नातवाला मी सांगितलंय, पुढची कोळंबी आणशील ती टाकीत जन्मलेली, नाहीतर नकोच.

प्रवाळाचा वाद यावरूनच झाला. टाकी सहा महिन्यांची झाली तेव्हा एका दुकानदाराने त्याला जिवंत दगडी प्रवाळ देऊ केलं. "सगळे ठेवतात, कोण बघतंय?" आपल्याकडे 2001 सालापासून दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. 2022 साली अनुसूची नव्याने लावल्या तेव्हाही ते तिथेच राहिलं. नातवाचं म्हणणं, "आजी, तो तुकडा आता तोडून झालाय. मी नाही घेतला तर दुसरा कोणी घेईल, आणि बहुतेक मारेल." मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता, हे कबूल करायला हवं.

मी त्याला मुंबईचंच उदाहरण दिलं. 2020 साली सागरी किनारा रस्त्यासाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरून प्रवाळाच्या 18 वसाहती हलवायच्या होत्या. सगळ्या मिळून अर्धा चौरस मीटरही जागा नव्हती. तेवढ्यासाठी महानगरपालिकेला वनखात्याची परवानगी काढावी लागली आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी त्या हलवल्या. या मुंबईत, या गढूळ पाण्यात, हाजी अलीला प्रवाळ आहे हेच त्याला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही आधी नव्हतं.

दोन दिवस तो काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सिरॅमिकचे सच्छिद्र दगड घेऊन आला. आता त्यांवर जांभळट शेवाळाचा थर धरलाय आणि मोठ्या कोळंबीने त्यातल्या एका कपारीत घर केलंय. पुढच्या ओहोटीला त्याला हाजी अलीचे खडक बघायचे आहेत. भरती-ओहोटीचा तक्ता काढून ठेवलाय, माझे गुडघे तेवढे चालायला हवेत.