पंढरीची आगगाडी

वारी म्हटली की पताका, तुळस, टाळ-मृदंग डोळ्यांपुढे येतात. पंढरपूरचे रेल्वे स्टेशन कुणाच्या आठवणीत येत नाही. लाखो वारकऱ्यांनी पंढरीचा निरोप घेतला तो मात्र त्याच्याच फलाटावरून.

मुंबईहून सोलापूरला जाणारा मोठा लोहमार्ग पंढरपूरला बगल देऊन कुर्डुवाडीवरून गेला. कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने छोटी गाडी काढली. दोन रुळांतले अंतर अवघे अडीच फूट! कंपनी खासगी होती, तिचा हिशेब नफ्याचा. १९०६ मध्ये ही गाडी पंढरपूरला आली, १९११ मध्ये लातूरला पोचली, १९२७ मध्ये मिरजेला. लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात. त्या मुलखातला माळकरी आता गाडीत बसून चंद्रभागेला येऊ लागला. १९५४ साली सरकारने कंपनी ताब्यात घेतली.

गाडीने आलेल्याची वारी, वारी म्हणावी का, हा वाद आमच्या तरुणपणी फडावर रंगे. जुनी मंडळी नाक मुरडीत. मला वाटते, वादाची जागाच चुकली. गाडीने वारीला जाणे मोडले नाही. दिंड्या आजही पायीच येतात. बदलले ते परतणे. काला झाला की पादुकांबरोबर माघारी चालणारे थोडे, बाकीची गर्दी स्टेशन नाहीतर एसटी स्टँड गाठते. परतवारीचे ओस पडणे मला अधिक बोचते. पण पेरण्या खोळंबलेल्या शेतकऱ्याला दोष कसा द्यावा?

छोट्या गाडीचा वेग बेताचाच, डब्यात पाय ठेवायला जागा नसे. भजन मात्र कुर्डुवाडीपर्यंत थांबत नसे. या शतकाच्या आरंभी कुर्डुवाडी-पंढरपूर मार्ग रुंद झाला, पुढे लातूर आणि मिरजेकडचाही. त्याच रुळांवरून एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून तहानलेल्या लातूरला पाण्याची गाडी गेली. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. रूळ रुंद नसते तर या मोठ्या वाघिणी त्यावरून धावूच शकल्या नसत्या.

आता आषाढी-कार्तिकीला जादा गाड्या सुटतात. एरवीच्या एकादशीला येणारे बरेचसे वृद्ध असतात, गुडघे दुखणारे, पण महिन्याची वारी न चुकवणारे. रिक्षावाला हाक मारतो तीही “माउली, देऊळ?” अशी. काहीजण हसून मान हलवतात आणि तेवढी वाट पायीच जातात.