गिरणीतली नायकीण

मुंबईच्या गिरण्यांच्या गोष्टी निघाल्या की जॉबर हमखास येतो, नायकीण क्वचितच. १९२०च्या दशकात गिरणी कामगारांत पाचांत साधारण एक बाई असे. बहुतेक जणी वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत. तिथं देखरेखीला बाईच, ती नायकीण. बाईवर बाई असली म्हणजे जाच कमी, असं मलाही वाटे. पण नोकरी देणं, घालवणं तिच्या हाती. म्हणून तिला दस्तुरी द्यावी लागे. शिवाय मजुरी कामाच्या मापानं. नायकिणीची मर्जी गेली, तर पोट कसं भरणार? आणि तक्रार न्यायची कुणाकडे? जॉबरकडे? तो तर स्वतःच दस्तुरी खाई आणि त्यातली वर पोचवी.

हे व्हिटली आयोगानं १९३१च्या अहवालात मांडलं. भरती जॉबरच्या हातून काढा, बायका बऱ्याच असतील तिथं देखरेखीला शिकलेली बाई नेमा, अशा शिफारशी केल्या. ही शिकलेली बाई नायकिणीहून वेगळी ठरली असती का, याची मला शंकाच आहे. पण निदान तिचं पोट दस्तुरीवर नसतं. पुढच्या दशकांत जॉबरची सत्ता आटली. गिरण्यांतल्या बायकाही कमी कमी होत गेल्या.