हौशी संघस्पर्धा व व्यावसायिक पूल

बिलियर्ड्‌स, स्नूकर व पूल हे क्यू नावाच्या निमुळत्या काठीने, कापडाच्छादित टेबलावर चेंडू टोलवून खेळावयाचे खेळ होत. हौशी स्पर्धांचा विस्तार झाला, की त्यांतून व्यावसायिक खेळ आपोआप वाढतो, असा सर्वसाधारण समज आहे. महाराष्ट्रातील या खेळांच्या इतिहासाने त्यास अंशतःच पुष्टी मिळते. हौशी स्पर्धांनी येथे जागतिक दर्जाचे खेळाडू घडविले. तथापि त्यांच्या उपजीविकेस आधार देईल असा प्रेक्षकवर्ग त्यांतून निर्माण झाला नाही.

भारतात हे खेळ ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांच्या क्लबांतून रुजले. स्नूकरचा उगमही १८७५ च्या सुमारास जबलपूर येथील छावणीत झाला, असे मानले जाते. मुंबईत जिमखाने व क्लब हे त्यांचे मुख्य आश्रयस्थान होते. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स (२ मे १९२२–५ ऑक्टोबर २००३) यांनी राष्ट्रीय बिलियर्ड्‌स अजिंक्यपद बारा वेळा व स्नूकरचे पाच वेळा मिळविले. १९५८ साली कलकत्ता येथे आणि १९६४ साली न्यूझीलंडमध्ये ते जागतिक हौशी बिलियर्ड्‌स विजेते ठरले. त्यांच्यानंतर मुंबईचेच मायकेल फरेरा यांनी १९७७, १९८१ व १९८३ मध्ये हे अजिंक्यपद पटकाविले. १९७८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी एकाच खेळीत १,१४९ गुण केले. पहिली जागतिक हौशी स्नूकर स्पर्धाही १९६३ मध्ये कलकत्त्यासच भरली होती. सारांश, हौशी खेळाच्या क्षेत्रात भारताचे स्थान पहिल्या पंक्तीचे होते.

व्यावसायिक क्षेत्रातील चित्र मात्र वेगळे दिसते. व्यावसायिक स्नूकरचे केंद्र ब्रिटनमध्ये राहिले. तेथे दीर्घकाळ वास्तव्य करण्याचा खर्च खेळाडूस स्वतः सोसावा लागे. १९८९ चे आशियाई स्नूकर विजेते, मुंबईचे यासिन मर्चंट हे व्यावसायिक स्नूकरकडे वळलेल्या आरंभीच्या भारतीयांपैकी होत. मुंबईचेच आदित्य मेहता यांनी २०१३ च्या इंडियन ओपन या व्यावसायिक मानांकन-स्पर्धेची अंतिम फेरी गाठली. ही मजल मारणारे ते पहिले भारतीय होत. पुण्यात जन्मलेले पंकज अडवाणी २०१२ ते २०१४ या काळात व्यावसायिक स्नूकर खेळले आणि नंतर त्यातून बाहेर पडले. भारतातील अनेक अव्वल खेळाडूंना तेल कंपन्या, रेल्वे इ. सार्वजनिक उपक्रमांतील नोकरीचा आधार लाभला. ही नोकरी हौशी स्पर्धांतील यशावर मिळते, प्रेक्षकांच्या तिकिटांवर नव्हे. त्यामुळे हौशी व्यवस्था ही व्यवसायाची पायरी न ठरता काही अंशी त्याचा पर्यायच ठरली.

पूल या खेळाचा प्रसार निराळ्या वाटेने झाला. स्नूकरचे पूर्ण आकाराचे टेबल सु. १२ फुट लांब व ६ फुट रुंद असते आणि क्यू फिरविण्यास त्याभोवती मोकळी जागा लागते. पूलचे टेबल सामान्यतः ७ ते ९ फुट लांबीचे असल्याने ते दुकानाच्या गाळ्यातही मावते. ठाणे स्थानकाच्या पूर्वेस असलेली कोपरी, तसेच कल्याण व डोंबिवली यांसारख्या दाट वस्तीच्या भागांत जागेचा हा हिशेब निर्णायक ठरतो. जिमखान्याचे सभासदत्व नसलेल्या तरुणास ताशी भाडे देऊन खेळता येणारे पार्लर हेच या खेळाचे प्रवेशद्वार होय. तथापि अशा पार्लरमध्ये येणारा मनुष्य खेळण्यासाठी येतो, पाहण्यासाठी नव्हे. मुंबई (आता महाराष्ट्र) पोलीस अधिनियम, १९५१ यात सार्वजनिक करमणुकीच्या जागेच्या व्याख्येत सर्कस, नाट्यगृह व व्यायामशाळा यांबरोबर बिलियर्ड-खोलीचाही उल्लेख आहे. कायद्याच्या दृष्टीने या सर्व जागा एकाच वर्गातल्या. पण सर्कस व नाट्यगृह प्रेक्षकांवर चालतात, तर बिलियर्ड-खोली खेळणाऱ्यांवर.

अमेरिकेतही हाच भेद प्रत्ययास येतो. टेरी बेल व लॅरी हबर्ट या दोन व्यावसायिक खेळाडूंनी १९७९ मध्ये हौशी पूल खेळाडूंच्या संघस्पर्धा सुरू केल्या. कच्च्या खेळाडूस सवलत देऊन सामना समतोल करण्याच्या पद्धतीमुळे त्या लोकप्रिय झाल्या व अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशन या संस्थेची सभासदसंख्या सु. अडीच लाखांवर गेली. एवढा पाया असूनही व्यावसायिक पूलला स्थैर्य लाभले नाही. मोठ्या पारितोषिकांचा गाजावाजा करीत आलेल्या ‘इंटरनॅशनल पूल टूर’ या मालिकेस २००६ मध्ये रीनो येथील स्पर्धेची बक्षिसे वेळेवर देता आली नाहीत. या संघस्पर्धांतील खेळाडूची वर्गणी त्याच्या स्वतःच्या खेळासाठी असते; तीमधून व्यावसायिक खेळ पाहण्याची सवय लागतेच असे नाही.

याच्या उलट उदाहरण कबड्डीचे. ठाणे, मुंबई, रायगड इ. भागांतील मंडळांच्या स्पर्धा मोकळ्या मैदानावर होतात व गावकरी, शेजारी त्यांना गर्दी करतात. तेथे हौशी खेळाबरोबर जाणकार प्रेक्षकही घडला. नावातच ‘हौशी’ हा शब्द असलेल्या राष्ट्रीय महासंघाच्या मान्यतेने २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली, तेव्हा हा प्रेक्षक तयार होता; दूरचित्रवाणीने तो कित्येक पटींनी वाढविला [→ कबड्डी]. २०१७ मध्ये अहमदाबाद येथे पाच संघांची ‘क्यू स्लॅम’ ही स्नूकर व पूलची संघस्पर्धा झाली. विल्सन जोन्स व फरेरा यांच्या महाराष्ट्रातील एकाही शहराच्या नावाचा संघ तीत नव्हता.

हौशी संघस्पर्धा व्यावसायिक पूलला खेळाडू पुरवितात, यात शंका नाही. परंतु व्यवसाय टिकतो तो प्रेक्षकावर. हौशी सामने बंद खोलीतून बाहेर आणून परिसरातील लोकांस पाहता येतील असे भरविले, तरच त्यांचा व्यावसायिक खेळास खरा उपयोग होईल.