सात हजारांचं गाव, अठरा हजारांचं मैदान

१९७३ साल, हिवाळा सरत आलाय. पॅरिसहून ब्रेस्तकडे जाणाऱ्या गाडीतून तुम्ही गँगाँच्या स्टेशनवर उतरता. फ्रान्सच्या पश्चिम टोकाचा हा ब्रिटनी प्रांत. बारीक भुरभुर पाऊस लागलाय आणि छत्री असूनही बाह्या ओल्या होतात. ग्रॅनाइटच्या भिंती आणि करड्या पाटीच्या छपरांची घरं बघत तुम्ही गावाच्या मधल्या त्रिकोणी चौकात येता. तिथे प्लोमे नावाचं ग्रॅनाइटचं आणि शिशाचं जुनं कारंजं आहे. पलीकडे बॅसिलिका, तिच्यात काळी मेरी. जुलैत रात्री मेणबत्त्या घेऊन तिची जत्रा भरते, तेव्हा आसपासची सगळी खेडी इथे लोटतात. हे ध्यानात ठेवा. या गावाचा जीव त्याच्या भोवतालच्या खेड्यांत आहे.

चौकात दोन म्हातारे बोलताहेत आणि तुम्हाला एक अक्षर कळत नाही, कारण ते फ्रेंच नाही. ती ब्रेतॉन भाषा. शाळेत ती बोलली म्हणून या दोघांच्या पिढीने मास्तरांच्या शिक्षा भोगल्यात. तरीही बोलता बोलता एक फ्रेंच शब्द तुमच्या कानावर पडतो: ‘आन आव्हाँ’. म्हणजे ‘चला पुढे’. १९१२ साली स्थापन झालेल्या इथल्या फुटबॉल क्लबचं हे नाव.

सध्या सगळ्या तोंडी तोच विषय आहे. प्रादेशिक लीगमध्ये खेळणारा हा संघ यंदा फ्रेंच कपमध्ये मोठ्या संघांना हरवत शेवटच्या सोळांत पोचलाय. या कपचा नियमच असा, की गल्लीतल्या संघापासून राष्ट्रीय विजेत्यापर्यंत सगळे एकाच स्पर्धेत. संध्याकाळी ईव्ह जागँ मैदानावर जाऊन उभे राहा. लाल-काळ्या जर्सीतली ही पोरं दिवसभर कामं करून सरावाला आलीत, गुडघ्यापर्यंत चिखल आहे. कडेला तिशीतला एक माणूस उभा आहे, नोएल ल ग्राएत. जवळच्याच बुर्ब्रियाक गावात जन्मलेला हा गडी गेल्या वर्षी क्लबचा अध्यक्ष झाला. या चिखलाकडे बघताना त्याच्या मनात काय चाललंय, ते चेहऱ्यावरून कळत नाही. पण चारच वर्षांनी, १९७७ साली, हा संघ राष्ट्रीय दुसऱ्या विभागात असेल आणि १९८४ साली व्यावसायिक होईल.

आता १९९० सालात या. जानेवारीची थंडी आहे आणि तुम्ही नव्याकोऱ्या स्टेडियमच्या दारात उभे आहात. नाव रुदुरू. ब्रेतॉनमध्ये रुदुर म्हणजे नदीचा उतार, पायी ओलांडता येतो तो. त्रियो नदीच्या काठच्या गावाला शोभणारं नाव. पुढे हे मैदान वाढत जाऊन त्यात अठरा हजारांवर खुर्च्या होतील. गावाची लोकसंख्या आहे साधारण सात हजार. तान्ह्या लेकरापासून खाटेवरच्या आजीपर्यंत सगळं गाव उचलून आणलं, तरी अर्ध्याहून अधिक खुर्च्या रिकाम्याच राहतील. बाहेरचे लोक या हिशेबाला वेड म्हणतात. त्यांनी जुलैतली जत्रा पाहिलेली नाही.

सप्टेंबर १९९६. त्या हिशेबाचं उत्तर तुमच्या डोळ्यांसमोरून चाललंय. दुपारपासून चारही रस्त्यांनी गाड्या येताहेत. कुणी गाईंचं दूध लवकर काढून निघालंय, कुणी डुकरांच्या गोठ्यातलं काम शेजाऱ्यावर सोपवून. वर्षभरापूर्वी गँगाँ फ्रान्सच्या पहिल्या विभागात पोचला, या उन्हाळ्यात इंटरटोटो कपमधून युएफा कपमध्ये शिरला आणि आज रुदुरूवर मिलानचा इंटर येतोय.

आत शिरण्याआधी टपरीपाशी थांबा. बाई तापलेल्या काळ्या तव्यावर कुट्टूच्या पिठाचं पातळ धिरडं पसरते, लाकडी उलथन्याने ते एका झटक्यात सुटतं. मध्ये भाजलेला सॉसेज ठेवून ती गुंडाळी करते आणि कागदाच्या तुकड्यात तुमच्या हातात देते. हाताला चटका बसतो. पहिल्या घासाला मातकट, किंचित कडसर चव लागते, मग सॉसेजची चरबी तोंडात उतरते. गव्हाला नको असलेल्या या आंबट जमिनीत कुट्टू उगवला आणि पिढ्यान्‌पिढ्या गरिबांचं पोट त्याने भरलं. तेच खाणं हातात धरून लोक आज इंटरचा खेळ बघायला चाललेत.

सामना ०-३ असा हातचा जातो. शेवटची शिट्टी वाजते आणि तुम्ही निघायला उठता, पण शेजारचे उठत नाहीत. ते उभे राहून टाळ्या वाजवताहेत. दोन आठवड्यांनी मिलानमध्ये, सान सिरोवर, हाच संघ इंटरला १-१ असं रोखून परतेल. पुढच्या वर्षी फ्रेंच कपच्या अंतिम सामन्यात १-१ बरोबरीनंतर नीसकडून पेनल्टींवर हरेल. करंडक अगदी दारापर्यंत येऊन परत जाईल.

२००२-०३चा मोसम तर चुकवू नकाच. आघाडीला एक दणकट गडी दिसेल, पाठ बचावपटूकडे, छातीवर चेंडू झेलणारा. ल मांहून तो इथे आला तेव्हा चोविशीलाही पोचला नव्हता आणि पहिल्या विभागात त्याला कुणी ओळखत नव्हतं. दिदिए द्रोग्बा. या मोसमात तो लीगमध्ये १७ गोल करतो. डाव्या बाजूने त्याला चेंडू पुरवणारा फ्लोराँ मालुदा. संघ सातवा येतो, क्लबच्या इतिहासातलं सर्वोत्तम स्थान. त्या उन्हाळ्यात दोघेही जातात, एक मार्सेयला, दुसरा लियोंला. छोट्या गावाने पोर घडवायचं आणि मोठ्या शहराने न्यायचं, हा व्यवहार इथल्यांना नवा नाही. एका वर्षातच संघ पुन्हा दुसऱ्या विभागात उतरतो.

आणि आता तो दिवस, ज्याच्यासाठी तुम्हाला इथवर आणलं. ९ मे २००९. आज तुम्ही पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवर उभे आहात. ब्रिटनीच्या गाड्या इथेच येतात. शंभर वर्षांपूर्वी ब्रेतॉन माणसं गाठोडी घेऊन याच ठिकाणी उतरायची, पोरी मोलकरणी व्हायला, पोरं खोदकामाला. पॅरिसवाले त्यांच्या उच्चारांना हसायचे आणि एक शब्द फेकून मारायचे: ‘पेइझाँ’. अर्थ शेतकरी, पण सूर गावंढळ म्हणावं तसा.

आज त्याच स्टेशनवर लाल-काळे मफलर गळ्यात घालून त्यांची नातवंडं उतरताहेत आणि छाती फुगवून ओरडताहेत: आम्ही पेइझाँ! परक्या मैदानांवर प्रेक्षकांनी हिणवायला वापरलेला हा शब्द गँगाँच्या लोकांनी उचलून कपाळाला लावला. अपमानाला उत्तर देण्याची याहून ताकदवान रीत मला ठाऊक नाही.

स्ताद द फ्रान्समध्ये ८०,०५६ माणसं आहेत. समोर रेन, ब्रिटनीची राजधानी, दोन लाख वस्तीचं शहर, पहिल्या विभागातला संघ. गँगाँ दुसऱ्या विभागात. जरा चहूकडे नजर फिरवा. दोन्ही टोकांना एकच झेंडा फडकतोय, काळे-पांढरे पट्टे असलेला ब्रिटनीचा ‘ग्वेन हा दू’. फ्रान्सच्या सर्वांत मोठ्या मैदानावर आज दोन्ही बाजूंना ब्रेतॉनच आहेत. ज्यांच्या आजोबांची जीभ शाळेत दाबली गेली, ते आज इथे मन भरून ओरडताहेत.

पूर्वार्ध कोरा जातो. ६९व्या मिनिटाला रेनचा कार्लोस बोकानेग्रा गोल करतो आणि समोरचं टोक उसळतं. तुमच्या शेजारचा माणूस खाली बसतो. त्याचे हात बघा. नखांच्या कडेला माती अशी मुरलीय, की सणाच्या दिवशी घासूनही निघाली नाही. त्या हातांनी तो मफलरची दोन्ही टोकं घट्ट पिळतोय.

तीन मिनिटं जातात. ब्राझीलचा एदुआर्दो बरोबरी साधतो. शेजारच्याने मफलर सोडलेला नाही, पण तो उभा राहिलाय. ८२व्या मिनिटाला पुन्हा एदुआर्दो, पुन्हा गोल. आता कुणी कुणाच्या गळ्यात पडलंय, ते समजायला मार्ग नाही. तो मातीचा हात तुमच्या मानेभोवती आहे, कानात ब्रेतॉन की फ्रेंच, काहीतरी ओरडणं चाललंय आणि शिट्टीपर्यंतची मिनिटं जाता जात नाहीत. २-१. दुसऱ्या विभागातल्या संघाने फ्रेंच कप जिंकल्याला पन्नास वर्षं झाली होती. १९५९ साली ल हाव्रने केलं होतं, त्यानंतर आज गँगाँने. ल ग्राएत आजही अध्यक्ष आहे. १९७३च्या चिखलाच्या कडेला तुम्ही पाहिलेला, तोच.

पुढचे थांबे भराभर घ्या. २०१०, संघ थेट तिसऱ्या विभागात. २०११, जोसलँ गुर्व्हेनेकच्या हाताखाली परत वर. २०१३, पहिल्या विभागात. ३ मे २०१४, पुन्हा स्ताद द फ्रान्स, पुन्हा रेन आणि पुन्हा गँगाँ, या वेळी २-०. त्यापुढच्या हिवाळ्यात फियोरेन्टिनाच्या गटातून पुढे सरकून गँगाँ युरोपा लीगच्या बाद फेरीत पोचतो आणि डायनॅमो कीव्हला रुदुरूवर २-१ हरवतो. परतीचा सामना हरतो, तोही ध्यानात ठेवा.

शेवटचा थांबा जानेवारी २०१९. पॅरिसच्या पार्क दे प्रँसवर लीग कपचा सामना आहे. पॅरिसच्या संघाचा नेमार गोल करतो, तरी गँगाँ पेनल्टींवर दोन गोल करून जिंकतो. दुसरी पेनल्टी मारणारा मार्कस थुराम. त्याच सामन्यात तो आधी एक पेनल्टी चुकलेला आहे, तरीही शेवटच्या क्षणी तोच पुन्हा चेंडू ठेवतो. दहा दिवसांनी त्याच मैदानावर लीगचा सामना होतो आणि गँगाँ ०-९ असा हरतो. मोसम संपताना संघ दुसऱ्या विभागात उतरतो आणि तेव्हापासून तिथेच आहे.

आता तुम्ही आजच्या काळात परत आलात. पुढच्या वेळी फ्रेंच फुटबॉल म्हणजे पॅरिस आणि तिथली कोट्यवधींची खरेदी, असं कुणी म्हणालं, तर या गावाचं नाव सांगा. क्लब पैशाने चालतो हे खरं आहे. तो उभा राहतो मात्र दूध काढून, हात धुऊन, तीस किलोमीटर गाडी चालवत मैदानावर येणाऱ्या माणसांवर. गँगाँच्या नावावर दोन फ्रेंच कप आहेत. दोन्ही वेळा हरलेलं शहर त्याच्या कितीतरी पट मोठं होतं.