भुकेलेली पिसू आणि भ्यालेले गाव

अलीकडे तरुण मंडळींच्या बोलण्यात एक प्रश्न वरचेवर येतो. पडद्यावर त्यांनी पाहिलेले असते, की कसलासा जंतू माणसाच्या मेंदूत शिरतो, माणूस स्वतःचा उरत नाही, तो दुसऱ्याला चावतो, दुसरा तिसऱ्याला चावतो आणि पाहता पाहता सारे शहर चालत्या प्रेतांनी भरून जाते. या प्रेतांना ते ‘झोंबी’ म्हणतात. आमच्या पिढीला झोंबी ठाऊक होती ती आखाड्यातली; ही नवी झोंबी परदेशी चित्रपटांतून आली. “असे खरोखर होऊ शकेल काय?” असे कोणी विचारले, म्हणजे वडील मंडळी हसून विषय टाळतात. आम्हांला ते बरे वाटत नाही. वेताळ, मुंजा आणि हडळ यांच्या गोष्टी ऐकत जे वाढले, त्यांनी नातवंडांच्या भुतांना हसावे हे न्यायाचे नव्हे. शिवाय या प्रश्नात सत्याचा अंश आहे. परोपजीवी जंतू आपल्या आश्रयदात्याची वागणूक बदलतात, हे खरे आहे. आणि अशाच एका बदललेल्या वागणुकीने आमच्या खानदेशातील गावे एके काळी ओस पाडली, हेही खरे आहे. मात्र ती वागणूक माणसाची नव्हती. ती कोणाची होती, हेच आज सांगावयाचे आहे.

आधी शेतात जाऊ. हरभऱ्यावर आणि कपाशीवर पडणारी घाटे अळी, किंवा बोंडअळी म्हणा, आमच्या शेतकऱ्यांना वेगळी सांगावयास नको. या अळीला एका विषाणूची बाधा होते. एरवी पानांच्या आडोशाने राहणारी अळी बाधा झाल्यावर झाडाच्या शेंड्याकडे चढू लागते. शेंड्याला पोचल्यावर ती उलटी लटकते आणि मरते. तिचे शरीर आतून विरघळते, कातडी फुटते, आणि विषाणूंनी भरलेला तो द्रव खालच्या पानांवर ठिबकतो. ती पाने दुसऱ्या अळ्या खातात. अळी चढते ती स्वतःच्या हितासाठी नव्हे; तिला चढविणारा दुसराच असतो. कृषिशास्त्रज्ञांनी हाच विषाणू शेतकऱ्याच्या हाती दिला असून तो पिकावर फवारला जातो. पडद्यावर पाहून मुले दचकतात तो प्रकार आमच्या हरभऱ्याच्या शेतात घडतो, आणि शेतकरी त्याला मित्र म्हणतो.

मग फवारणी करणारा माणूस का बाधत नाही? कारण हा विषाणू त्या अळीपुरताच घडलेला आहे. हजारो पिढ्या एकाच प्राण्याच्या संगतीत राहून परोपजीवी त्याच्या शरीराची किल्ली कमावतो. किल्ली ज्या कुलपाची, तेच कुलूप ती उघडते. ब्राझीलसारख्या उष्ण देशांच्या अरण्यांत मुंगीला पानाला घट्ट चावावयास लावून तेथेच मारणारी बुरशी आहे. तिच्या निरनिराळ्या जाती निरनिराळ्या मुंग्यांशी बांधलेल्या आहेत. मुंगीवरून माणसावर उडी घेणे तिच्या आवाक्यातले नाही.

माणसाच्या मेंदूत शिरून त्याची वागणूक बदलणारे रोग मुळीच नाहीत, असे मात्र नव्हे. पिसाळलेल्या कुत्र्याचे उदाहरण सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. अलर्काचा विषाणू जखमेतून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूत जातो आणि तेथून लाळेत उतरतो. मेंदूतील बिघाडाने कुत्रे चावत सुटते आणि लाळेतला विषाणू पुढे जातो. माणसाला बाधा झाली, म्हणजे पाणी पाहताच त्याचा घसा आवळतो, तो भितो, तडफडतो, क्वचित अंगावरही येतो. लक्षणे दिसू लागल्यावर वाचणे जवळजवळ अशक्य. जुन्या लोकांना यात भूतबाधा दिसली असेल तर नवल नाही. तरीही या रोगाने माणसांचे गाव कधी पिसाळले नाही. चावून चावून रोग पसरविणे हे कुत्र्याच्या जातीला साधते. माणूस अंथरुणाला खिळतो आणि थोड्याच दिवसांत जातो. त्याच्याकडून दुसऱ्या माणसाला रोग होण्याचा प्रकार अत्यंत विरळा. शिवाय १८८५ साली पाश्चर यांनी चावा घेतलेल्या मुलाला लस टोचली, तेव्हापासून या दाराला अडसर आहे. तो वेळेवर लावणे तेवढे आपल्याकडे.

मांजरापासून येणाऱ्या आणखी एका परोपजीवीचे नाव हल्ली घेतले जाते. तो उंदराच्या मेंदूत शिरला, की उंदराला मांजराच्या वासाची भीती उरत नाही. जगातील सुमारे एक-तृतीयांश माणसांच्या शरीरात तो असावा, असा अंदाज आहे. माणसाच्या स्वभावावर त्याचा काही परिणाम होतो की नाही, यावर विद्वानांचा वाद चालू आहे. पण एक-तृतीयांश जग त्याला बाळगून असूनही नित्याप्रमाणे बाजारहाट करीत आहे, एवढे उत्तर आम्हांला पुरे वाटते.

म्हणजे साथ उठण्यास तीन गोष्टी जुळाव्या लागतात. जंतूने प्राण्याची वागणूक बदलावी. त्या बदललेल्या वागणुकीनेच जंतू दुसऱ्याकडे जावा. आणि हे सारे तो प्राणी मरण्यापूर्वी पुष्कळदा घडावे. माणसाच्या ठायी हा त्रिवेणी संगम झालेला नाही. परंतु एका लहानशा प्राण्याच्या ठायी तो झाला, आणि त्याची किंमत माणसाने मोजली. तो प्राणी म्हणजे उंदरावरची पिसू.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. ‘ग्रंथिक सन्निपात’ हे त्याचे वर्तमानपत्री नाव. बायाबापड्यांच्या तोंडी तो गाठीचा ताप. पुढील काही वर्षांत मुंबई इलाख्यातील जिल्ह्यांमागून जिल्हे त्याच्या तडाख्यात सापडले. आमचा खानदेश तेव्हा एकच जिल्हा होता. पूर्व आणि पश्चिम असे त्याचे दोन भाग १९०६ साली झाले. चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ ही गावे मुंबईच्या लोहमार्गावर, आणि १९०० साली चाळीसगावहून धुळ्यालाही आगगाडी आली. कापूस मुंबईला जाई, मुंबईहून माल येई. धान्याच्या पोत्यांबरोबर उंदीर प्रवास करी आणि उंदराबरोबर पिसू.

सरकारने १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा केला. घरे तपासली, रोगी उचलून नेले, प्रवासी उतरवून पाहिले, जमिनी औषधी पाण्याने धुतल्या. पुण्यात या झडत्यांचा जाच इतका झाला, की त्याचे पर्यवसान त्याच वर्षी जूनमध्ये रँडवरील हल्ल्यात झाले. या साऱ्या खटाटोपात एक मोठी चूक होती. शोध माणसाचा चालला होता आणि रोग फिरत होता उंदराच्या पाठीवर. एक घर धुतले, की तेथला उंदीर शेजारच्या घरात जाई.

आमच्या खेडुतांच्या ध्यानात मात्र एक गोष्ट आली होती. घरात उंदीर पडू लागले, की घर सोडावयाचे. ‘उंदीर पडला’ एवढे दोन शब्द ऐकले, की माणसे भांडीकुंडी बांधून रानात झोपड्या घालीत. का, हे त्यांना सांगता आले नसते. पण अनुभवाने हाती आलेले ते शहाणपण होते.

कारण सापडावयास पुढे काही वर्षे लागली. १८९८ साली कराचीत सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने पिसूवर बोट ठेवले. त्याचे कोणी फारसे ऐकले नाही. नंतर मुंबईत लिस्टन यांनी आणि १९०५ पासून प्लेग-संशोधन मंडळाने ते सिद्ध केले. प्लेगच्या घरात प्राण्यांचे पिंजरे ठेवले. जे जमिनीवर होते ते प्राणी मेले. जे पिसूच्या उडीच्या टप्प्याबाहेर टांगले होते ते वाचले. हवा तीच, घर तेच; फरक पिसूचा.

आता या हकीकतीतील मर्म. पिसू चावते ती पोटासाठी. पोट भरले की गप्प बसते. मग तिच्याकडून एवढा संहार कसा व्हावा? १९१४ साली लंडनच्या लिस्टर संस्थेत बॅकट आणि मार्टिन यांनी प्लेगबाधित पिशवा उघडून पाहिल्या. प्लेगचे जंतू पिसूच्या जठराच्या तोंडाशी वाढतात आणि तेथे चिकट गोळा होऊन वाट बुजवून टाकतात. पिसू रक्त ओढते, पण ते पोटात उतरत नाही. भूक शमत नाही म्हणून ती पुन्हा चावते, पुन्हा ओढते. आणि गोळ्यावर आपटून परतलेले रक्त जंतूंसह जखमेत सांडते. उंदीर मेला, की ती त्याचे थंड अंग सोडून जे उबदार अंग जवळ सापडेल त्यावर जाते. ते उंदराचे नसले तर माणसाचे. अखेर ती उपाशीच मरते. खाऊनही उपाशी, आणि चावल्यावाचून राहवत नाही, असे हे चालते प्रेत. पडद्यावरच्या भुताचे वर्णन याहून निराळे काय आहे? वाट न बुजताही पिसू रोग पोचवू शकते, असे अलीकडच्या संशोधनात दिसले आहे; तरी या भुकेल्या पिसूचे महत्त्व त्याने नाहीसे होत नाही.

यातच आमच्या उन्हाचीही एक गोष्ट आहे. दख्खनमध्ये साथ पावसाळ्याच्या अखेरीस चढे आणि उन्हाळा कडक झाला की ओसरे. सुमारे अठ्ठावीस अंशांपुढे उष्णता गेली, की पिसूच्या घशातला तो गोळा नीट धरत नाही, आणि कोरड्या उन्हात पिसूही फार दिवस तगत नाही. जळगाव-भुसावळच्या ज्या वैशाखाला आपण शिव्या देतो, त्याचे हे ऋण मान्य करावयास हवे.

हिंदुस्थानात या साथीने काही दशकांत एक कोटीहून अधिक माणसे नेली. कोटी हा आकडा मनात मावत नाही. म्हणून एका घराचे सांगतो. जळगावच्या बहिणाबाई चौधरी यांची कविता आज महाराष्ट्राच्या तोंडी आहे. त्यांचे चिरंजीव ओंकार यांना प्लेगने कायमचे अपंगत्व आले. वैधव्य, शेतीचे कष्ट आणि हे दुःख उरावर घेऊन ती माउली जात्यावर बसत होती. भुकेल्या पिसूचा चावा कोठवर पोचतो, ते यावरून समजावे.

पिसूच्या वागणुकीइतकीच माणसाची वागणूकही त्या काळात बदलली. पण ती जंतूने नव्हे, भीतीने. रोगी लपविले गेले. मरीआईचा गाडा आपल्या शिवेतून ओढून दुसऱ्याच्या शिवेत ढकलण्याची चाल महाराष्ट्रात अनेक ठिकाणी होती. आपले मरण शेजाऱ्याच्या दारी लोटण्याची ही रीत पिसूच्या वागण्याहून फार वेगळी नव्हे. पण याच काळात दुसरेही घडले. पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा केली आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्या गेल्या. जंतू पिसूला जे करावयास लावतो त्यावाचून पिसूला गत्यंतर नसते. माणसाला असते.

याची परीक्षा आमच्या उंबरठ्यावर पुन्हा झाली. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग उद्भवल्याची बातमी आली. या प्रकारात पिसूची गरज नसते. खोकल्यातून तो माणसाकडून माणसाकडे जातो. सुरतेत खानदेशी माणसांची मोठी वस्ती, आणि सुरतेहून निघणारी तापी खोऱ्याची गाडी नंदुरबार, अमळनेर, जळगाव करीत भुसावळला येते. काही दिवसांत लाखो लोकांनी सुरत सोडली. खाजगी दवाखाने बंद झाले, डॉक्टरही निघून गेले, औषधाच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या. मृत्यू झाले ते सुमारे पन्नास. साध्या प्रतिजैविकाने वेळीच बरा होणारा रोग, आणि शहर मात्र दिशाहीन धावत होते. खेड्यातला माणूस उंदीर पडल्यावर रानात जाई तेव्हा तो पिसूपासून दूर जात होता. येथे संशयित रोगी औषधापासून दूर जात होता. दोन्ही पळणीच, पण एकीत अनुभव होता आणि दुसरीत नुसते भय.

त्याच सुरतेचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. १९९५ साली एस. आर. राव हे महापालिकेचे आयुक्त झाले. कचरा उचलला गेला, गटारे वाहती झाली, आणि थोड्याच वर्षांत घाणीसाठी बदनाम झालेले शहर स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले. गावाची वागणूक अशीही बदलते.

म्हणून तरुण मित्रांना आमचे उत्तर असे आहे. चालत्या प्रेतांची साथ माणसांत येणार नाही. माणसाचे कुलूप तसे उघडणारी किल्ली कोणत्याही जंतूजवळ दिसत नाही. पण भुकेलेली पिसू खरी आहे, पिसाळलेले कुत्रे खरे आहे, आणि भ्यालेले गाव तर फारच खरे आहे. चावलेल्या मुलाला अंगाऱ्यासाठी न नेता जखम साबणाने धुऊन लगेच लशीसाठी न्यावे, धान्याच्या कोठाराजवळ उंदीर मरून पडले तर लपवू नये, आणि साथीच्या दिवसांत शेजाऱ्याचे दार ठोठावण्याचे धैर्य ठेवावे. जंतू आपली बुद्धी काढून घेत नाही. ती आपण भीतीच्या हाती देतो; आणि जी वस्तू आपण देतो, ती न देणेही आपल्याच हाती असते.